उत्तर सांगायचं राहून गेलं तेव्हा

एक पुस्तक आहे. त्यात गणिताचे पाच हजारांच्या आसपास निष्कर्ष ओळीनं दिलेत. प्रत्येकाला क्रमांक आहे. पण तो निष्कर्ष खरा का, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नाही. फार तर ‘अमुक क्रमांक पाहा’ एवढी खूण. असं पुस्तक तुम्ही शाळकरी मुलाच्या हातात द्याल?

1903 च्या सुमारास तमिळनाडूतल्या कुंभकोणम गावी ते पंधरा वर्षांच्या एका मुलाच्या हाती पडलं. पुस्तकाचा कर्ता जॉर्ज शूब्रिज कार हा लंडनमध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेच्या शिकवण्या घेणारा माणूस. परीक्षेआधी सगळं एकदा नजरेखालून जावं म्हणून त्यानं ही जंत्री तयार केली होती. म्हणजे हे पुस्तक घोकंपट्टीच्या सोयीचं! मुलाचं नाव श्रीनिवास रामानुजन. त्यानं ते घोकलं नाही. सिद्धता दिलेली नाही म्हटल्यावर तो एकेक निष्कर्ष घेऊन स्वतःच सिद्ध करत बसला, आणि ते करताना कारच्या पुस्तकात नसलेले निष्कर्ष त्याला दिसू लागले. पुढे त्याच्या वह्यांमध्ये हजारो सूत्रं जमली, तीही बहुतेक सिद्धतेविना. कारसारखीच.

यातली जादू काय आहे, हे तुम्हालाही एका मिनिटात अनुभवता येईल. 1 ही विषम संख्या. तिच्यात पुढची विषम संख्या 3 मिळवा, 4 होतात. त्यात 5 मिळवा, 9. मग 7 मिळवा, 16. पुढे 25, 36. दर वेळी वर्गसंख्याच! का बरं? ते मी सांगणार नाही. कुंभकोणममध्ये पहाटे दारासमोर तांदळाच्या पिठीनं कोलम काढतात, आधी ठिपके मांडून. तसे ठिपके चौकोनात मांडा, मग चौकोन एकेका घरानं मोठा करून पाहा. आत्ता मनात जी चुळबूळ सुरू झाली, ‘थांबा, मला बघू द्या’ असं जे काही वाटलं, तोच या लेखाचा विषय आहे. शिकण्याची ही ओढ वर्गात कशानं जागी होते आणि कशानं विझते?

आपल्याकडे हा प्रश्न ‘शिक्षककेंद्री की विद्यार्थिकेंद्री’ अशा वादाच्या रूपात मांडला जातो. एका बाजूला खडू, फळा आणि समोर गप्प बसलेली मुलं. दुसऱ्या बाजूला गटात बसून स्वतः धडपडणारी मुलं. महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी ‘ज्ञानरचनावाद’, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं ही कल्पना, हा शब्द प्रशिक्षणांमधून इतका ऐकलाय की आता तो कानावरून जातो. पण कुंभकोणम हे असं गाव आहे, की तिथं आणि त्याच्या आसपास या वादाची दोन्ही टोकं आणि मधली सगळी माणसं प्रत्यक्ष भेटतात. गाव आपल्याला परकंही नाही. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी 1676 मध्ये तंजावरच्या गादीवर बसले आणि कावेरीकाठचा हा मुलूख पावणेदोनशे वर्षं मराठी राज्यात होता. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव 1828 मध्ये कुंभकोणमलाच एका तंजावरी मराठी घरात जन्मले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यातून बारा वर्षांचा एक मुलगा दत्तक येऊन बडोद्याचा सयाजीराव झाला, तेव्हा त्याला राज्यकारभाराचे धडे देणाऱ्यांत हे माधवराव होते.

पण आपण रामानुजनकडे वळू, कारण त्याची शाळा फार बोलकी आहे.

सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर त्याचं लहानसं घर. वडील साडीच्या दुकानात कारकून. चार पैसे मिळावेत म्हणून घरात कॉलेजचे विद्यार्थी ठेवलेले. त्यांच्याकडून मिळालेलं लोनीचं त्रिकोणमितीचं पुस्तक त्यानं तेराव्या वर्षापर्यंत आत्मसात केलं. कागद महाग म्हणून पाटीवर लिहायचं आणि कोपरानं पुसायचं. तो जात होता त्या टाउन हायस्कूलमध्ये आजच्या अर्थानं विद्यार्थिकेंद्री काहीच नव्हतं. बाक, फळा, मास्तर, परीक्षा. तरीही तिथं काय घडलं बघा. शिक्षक म्हणाले, की तीन फळं तिघांत वाटली तर प्रत्येकाला एक येतं. कोणत्याही संख्येला त्याच संख्येनं भागलं की उत्तर एक. तेव्हा या मुलानं विचारलं, की शून्य फळं कुणालाच वाटली नाहीत, तरी प्रत्येकाला एक मिळेल का? त्याच्या शाळेतली ही आठवण चरित्रांत सांगतात. आणखी नवलाची गोष्ट पुढे आहे. शाळेत बाराशेच्या घरात मुलं आणि पस्तीसेक शिक्षक. त्या सगळ्यांचं वेळापत्रक बसवायचं किचकट काम गणिताचे ज्येष्ठ शिक्षक गणपती सुब्बियर यांनी या पोराच्या हाती दिलं! 1904 मध्ये त्याला गणिताचं रंगनाथराव पारितोषिक देताना मुख्याध्यापक कृष्णस्वामी अय्यर सांगून गेले, की याला पैकीच्या पैकी गुणही कमी पडतील.

म्हणजे वर्गाची बैठक फळ्याकडे तोंड करूनच होती, पण त्या शिक्षकांना मुलासाठी जागा सोडता येत होती. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. बाकांची मांडणी बदलली म्हणजे वर्ग बदलला, असं समजणाऱ्यांनी सुब्बियर मास्तरांकडे जरूर बघावं.

आता ही ‘जागा’ म्हणजे नेमकं काय? इथं मानसशास्त्रातला एक विलक्षण प्रयोग मदतीला येतो. 1971 मध्ये अमेरिकेत एडवर्ड डेसी यानं कॉलेजच्या मुलांना सोमा नावाचं तुकड्यांचं कोडं सोडवायला दिलं. काहींना मधल्या एका सत्रात प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर दिला, बाकीच्यांना काहीच नाही. मग काहीतरी निमित्त काढून तो खोलीबाहेर गेला. खोलीत मासिकंही ठेवलेली होती. मुलांनी हवं ते करावं. आणि लपून पाहिलं, की एकटी असताना ती काय करतात. पुढच्या सत्रात पैसे बंद झाले, तेव्हा ज्यांना मोबदला मिळाला होता त्यांचाच कोड्याशी खेळायचा वेळ घटला. खेळाची मजुरी झाली होती.

दोनच वर्षांनी मार्क लेपर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर असाच प्रयोग केला. रंगीत पेनांनी चित्रं काढणं मुलांना मनापासून आवडायचं. काही मुलांना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर फीत आणि सोनेरी चांदणी लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्रक दिलं, पण अचानक, आधी न सांगता. आठवडा-दोन आठवड्यांनी पेनं पुन्हा खेळात ठेवली. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं पेनांशी साधारण निम्माच वेळ खेळली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र शाबूत होती. बक्षीस तेच, फीत तीच! फरक एवढाच, की एका गटानं आपल्या आवडीसाठी चित्र काढलं होतं आणि दुसऱ्यानं सौद्यासाठी.

डेसी आणि त्याचा सहकारी रिचर्ड रायन यांनी यातून पुढे एक सिद्धांत उभारला. माणसाला आतून ओढ वाटायची तर तीन गोष्टी लागतात: हे मी माझ्या मनानं करतोय ही भावना, मला हे जमतंय ही भावना, आणि माझी माणसं माझ्यासोबत आहेत ही भावना. 1981 मध्ये त्यांनी चौथी ते सहावीचे वर्ग पाहिले. काही शिक्षकांचा कल मुलांना स्वतः मार्ग काढू देण्याकडे होता, काहींचा ताबा ठेवण्याकडे. शाळा सुरू होऊन दोन महिने होतात न होतात तोच दोन्हींकडच्या मुलांत फरक पडलेला दिसला. मोकळीक देणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात कुतूहल जास्त होतंच, पण ‘मला येतं’ हा विश्वासही जास्त होता. दोन महिने! आपण जून-जुलैत पुस्तकांना कव्हर घालत असतो, तोवर वर्षाची हवा ठरून गेलेली असते.

मग सरळ कारसारखी पुस्तकं सगळ्यांना वाटून द्यावीत का? मुळीच नाही. ही गोष्ट तितकी सोपी नाही, म्हणूनच ती इतकी सुंदर आहे. ऑस्ट्रेलियाच्या जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी 1985 मध्ये दाखवलं, की बीजगणितात नवख्या असलेल्या मुलांना नुसती गणितं सोडवायला लावण्यापेक्षा, पूर्ण सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली तर ती जास्त चांगलं शिकतात. नवशिक्याचं डोकं एका वेळी फार थोडं पेलू शकतं. धडपडण्यातच सगळी शक्ती संपली, तर समजून घ्यायला काही उरत नाही. पण पुढच्या संशोधनात उलटंही दिसलं: ज्यांना विषय येऊ लागलाय, त्यांना हीच सोडवलेली उदाहरणं अडथळा होतात. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात ना, तसं. डब्याशिवाय ढकललं तर मूल बुडेल, आणि पोहायला लागल्यावर डबा सोडला नाही तर त्याला बुडीच मारता येणार नाही.

कारचं पुस्तक रामानुजनच्या हाती पडलं तेव्हा त्याचा डबा सुटून बराच काळ झाला होता. वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या मुलानं त्याच पुस्तकाची चार पानं चाळून ते मिटलं असतं, आणि त्यात त्या मुलाचा काहीच दोष नसता.

रामानुजनच्या ओढीची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1904 मध्ये तो शिष्यवृत्ती घेऊन गावातल्याच गव्हर्न्मेंट कॉलेजात गेला. ‘दक्षिणेचं केंब्रिज’ म्हणून या कॉलेजची ख्याती होती. तिथं इंग्रजी आणि बाकी विषयही सक्तीचे. त्यानं गणिताशिवाय कशाकडे पाहिलंच नाही, इंग्रजीत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. 1905 मध्ये तो कुणाला न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला. पुढच्या वर्षी मद्रासच्या पच्चयप्पा कॉलेजात नाव घातलं, तिथं परीक्षेत शरीरशास्त्रासकट बाकीचे विषय आडवे आले. कॉलेजला एकट्यासाठी नियम मोडता आला नाही, आणि मुलाला आतल्या ओढीपलीकडे काही करता आलं नाही. ओढ इतकी जबर असू शकते, की ती माणसाला परीक्षेच्या पायऱ्यांवरून खाली लोटते.

1913 च्या जानेवारीत त्यानं केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिलं, 1914 मध्ये तो तिथं पोचला, आणि मग शिक्षकासमोर उभा राहू शकेल असा सगळ्यात अवघड पेच हार्डीसमोर उभा राहिला. या माणसाला आधुनिक गणितातल्या कित्येक मूलभूत गोष्टी माहीत नव्हत्या. सिद्धता म्हणजे काय, याचीही त्याची कल्पना धूसर होती. शिकवायला तर हवं. पण रीतसर शिकवायला गेलो आणि त्याचा आत्मविश्वास मोडला, किंवा त्याच्या प्रतिभेची लय तुटली तर? हार्डीनं ही भीती लिहून ठेवली आहे. त्याचा सहकारी लिटलवुड काही शिकवायला घेई, तर रामानुजन त्यावर स्वतःच्या नव्या कल्पनांचा असा भडिमार करी की ठरवलेला धडा बाजूलाच राही. हार्डीनं मधला मार्ग काढला: आवश्यक तेवढं शिकवलं, बाकी त्याला त्याच्या वाटेनं जाऊ दिलं. आणि नंतर कबूल केलं, की त्यानं माझ्याकडून शिकण्यापेक्षा मीच त्याच्याकडून कितीतरी जास्त शिकलो.

आता कुंभकोणमचंच दुसरं टोक. नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी सुरू केलेली वेदपाठशाळा या गावात आहे. संथा देण्याची रीत आपल्याला माहीत आहे: गुरुजी एकदा म्हणणार, शिष्य दोनदा म्हणणार. निवड नाही, गटचर्चा नाही, प्रश्नही नाही. याहून शिक्षककेंद्री काही असेल? पण जरा आत शिरून बघा. ‘घनपाठ’ या वेदपठणाच्या रीतीत लागोपाठची तीन पदं कशी म्हणतात: एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. तीन पदांसाठी तेरा उच्चार, मग एक पद पुढे सरकायचं आणि पुन्हा तेच. एखादं पद गळलं किंवा जागा चुकली, की उलट फिरताना लगेच उघडं पडतं. कागदाशिवाय, केवळ माणसांच्या तोंडून, मजकूर शतकानुशतकं अक्षरशः जसाच्या तसा पुढे जावा यासाठी रचलेली ही चूक पकडणारी यंत्रणा! असं वर्षानुवर्षं बसून म्हणायचं बळ मुलांना येतं कुठून? डेसी-रायनच्या तीन गोष्टी आठवा. ‘काल येत नव्हतं ते आज येतंय’ हे इथं रोज स्वच्छ दिसतं, आणि शेजारी बसलेल्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळलेला असतो. तीनपैकी दोन गरजा भरभरून भागतात. तिसरी, म्हणजे मनापासूनची मोकळीक, इथं फक्त एकाच वाटेनं येऊ शकते: हे शिकणं आपलं आहे असं त्या मुलानं स्वतः मानलं तर. ते मानलं नाही, तर हाच वर्ग तुरुंग होतो. सगळं शिक्षकाच्या हाती असूनही मुलाच्या मनातली ही एक किल्ली त्याच्या हाती नसते.

आणि या दोन टोकांच्या मध्ये होती ‘तिण्णै’ शाळा. तिण्णै म्हणजे तमिळ घराचा ओटा. कावेरीकाठच्या गावांत पंतोजींची शाळा अशा ओट्यांवर भरायची. मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवायची, आणि ती येत असलेल्या मोठ्या मुलानं लहानांना शिकवायचं. त्या मोठ्याला ‘सट्टांपिळ्ळै’ म्हणत. 1823 मध्ये बळ्ळारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्बेल यानं आपल्या जिल्ह्यातल्या गावठी शाळांचं वर्णन सरकारला पाठवलं. सकाळी जो मुलगा सगळ्यांत आधी येई, त्याच्या तळहातावर सरस्वतीचं नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य. तिसऱ्याला छडीचा हलका फटका, चौथ्याला दोन, आणि पुढच्या प्रत्येकाला एकेक जास्त! बक्षीस आणि शिक्षा यांची ही उतरंड वाचून अंगावर काटा येतो. पण त्याच अहवालात कॅम्बेल लिहितो, की पुढच्या मुलांनी मागच्यांना शिकवायचं, त्यातून त्यांचं स्वतःचंही ज्ञान पक्कं व्हायचं, ही रीत कौतुकास्पद आहे आणि इंग्लंडनं तिचं अनुकरण केलं ते योग्यच केलं.

इंग्लंडनं अनुकरण? होय. 1789 मध्ये अँड्रू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासजवळ एग्मोरच्या लष्करी अनाथाश्रमाचा कारभारी झाला. मलबारी मुलांच्या एका शाळेत त्यानं वाळूत अक्षरं गिरवणारी मुलं पाहिली. आपल्या शिक्षकांना त्यानं हे करायला सांगितलं. त्यांना ते पटेना. तेव्हा त्यानं जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या मुलालाच लहानांचा शिक्षक नेमलं. 1797 मध्ये बेलनं हा प्रयोग लंडनमध्ये छापला, आणि ‘मद्रास पद्धत’ जगभर पसरली. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूज गावी बेलच्या पैशातून उभी राहिलेली मद्रास कॉलेज नावाची शाळा आजही चालू आहे! मात्र तिकडे शेकडो मुलांचे वर्ग या पद्धतीनं हाकायला लागल्यावर छोटे शिक्षक फक्त ठरलेली कवायत करून घेऊ लागले. रीत तीच राहिली, पण आपल्याला आलेलं दुसऱ्याला समजावताना जी धडपड होते ती गेली.

ही धडपड मूळची कशी होती? 1623 मध्ये इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले यानं कर्नाटकात इक्केरीच्या बाजूला एका देवळाच्या ओवरीत चार मुलं पाहिली. गुरुजी नाहीत. जमिनीवर बारीक वाळू पसरून, एका सुरात म्हणत, बोटानं आकडे लिहीत ती पाढे पाठ करत होती. त्यानं विचारलं, चूक झाली तर दुरुस्त कोण करणार? मुलं म्हणाली, चौघंही एकाच ठिकाणी चुकणं शक्य नाही! चारशे वर्षांपूर्वीच्या या मुलांनी घनपाठातलीच युक्ती आपल्या भाषेत सांगितली होती.

हाच ओटा तमिळनाडूत पुन्हा परतला. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या खेडोपाडीच्या शाळांमध्ये घडलेली कार्डांची पद्धत चेन्नई महापालिकेच्या आयुक्तपदी असताना एम. पी. विजयकुमार यांनी 2003 मध्ये तेरा शाळांत आणली, आणि 2007 च्या सुमारास ती राज्यभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत पोचली. शिक्षक सतरंजीवर मुलांसोबत बसणार. भिंतीच्या खालच्या भागात मुलांच्या उंचीचे फळे, प्रत्येकाला आपला तुकडा. विषयाची एक शिडी, तिच्यावर पायऱ्यांची चित्रं. मूल स्वतः आपली पायरी शोधून कार्ड उचलणार. काही कार्डं शिक्षकासोबत करायची, काही सवंगड्यासोबत, काही एकट्यानं. आजारपणानं किंवा सुगीमुळे आठवडाभर गैरहजर राहिलेलं मूल परत येतं, तेव्हा वर्ग पुढे गेलेला नसतो, कारण पुढे जाणारा एकच एक वर्गच नसतो. मला या पद्धतीतली ही एक गोष्ट सगळ्यांत थोर वाटते. तिची मर्यादाही उघड आहे: वेग मुलाचा, पण शिडी आणि कार्डं मोठ्यांनीच आखलेली. शिक्षक नुसता कार्डं मोजत बसला, तर बेलच्या पद्धतीचं विलायतेत जे झालं तेच इथं होणार. पुढे ही पद्धत बदलत गेली. 2022 पासून तमिळनाडूत ‘एण्णुम एळुत्तुम’ या उपक्रमात पहिली ते तिसरीची मुलं अरुंबु, मोट्टु, मलर, म्हणजे कोवळी कळी, टपोरी कळी आणि फूल अशा टप्प्यांनुसार शिकू लागली.

पण शिडी नसली, कार्डं नसली, साठ मुलांचा साधा वर्ग असला तर? 2006 मध्ये जॉनमार्शल रीव्ह आणि ह्युंगशिम जांग या संशोधकांनी एकानं शिकवायचं आणि दुसऱ्यानं शिकायचं अशा जोड्या बारकाईनं पाहिल्या. शिकणाऱ्याला मोकळं कधी वाटलं? शिकवणारा ऐकत होता, वेळ देत होता, सूचक खूण करत होता तेव्हा. आणि कधी नाही? उत्तर सांगून टाकलं तेव्हा, आणि शिकायचं साहित्य शिकवणाऱ्यानंच हातात धरून ठेवलं तेव्हा. कोडं कुणाच्या हातात आहे, यावरच इतकं ठरतं.

याहून चकित करणारं काम मेरी बड रो या संशोधिकेचं. विज्ञानाच्या वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून 1970 च्या दशकात तिनं मोजलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतो. सरासरी जेमतेम एक सेकंद! मग पुढचा प्रश्न, किंवा दुसरा विद्यार्थी, किंवा स्वतःच दिलेलं उत्तर. तिनं शिक्षकांना तीन सेकंद किंवा थोडं जास्त थांबायला शिकवलं. साहित्य तेच, अभ्यासक्रम तोच. मुलांची उत्तरं कितीतरी लांब झाली, ‘माहीत नाही’ कमी झालं, मुलं एकमेकांच्या बोलण्याला जोडून बोलू लागली आणि स्वतः प्रश्न विचारू लागली. ज्यांना ‘मठ्ठ’ समजलं जात होतं ती मुलंही बोलती झाली. आणि ते ऐकून शिक्षकांच्या त्यांच्याविषयीच्या अपेक्षा बदलल्या. त्या शिक्षकांचे स्वतःचे प्रश्नही संख्येनं कमी झाले, पण पूर्वीपेक्षा जास्त विचार करायला लावणारे.